‘इंटरस्टेलर’ला रडलो, तरी मत ‘२००१’लाच

२०२५च्या फेब्रुवारीत ‘इंटरस्टेलर’ आपल्याकडे पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा माझा हॉस्टेलमधला रूममेट सुट्टीवर आला होता. गडी पाच वर्षं जर्मनीत आहे. तिकिटं मिळता मिळेनात, शेवटी सकाळच्या शोची दोन मिळाली. आम्ही दोघांनीही हा सिनेमा आधी चार-पाचदा पाहिलेला. तरी कूपर त्या पाण्याच्या ग्रहावरून यानात परततो आणि तेवीस वर्षांचे साठलेले व्हिडिओ मेसेज बघायला बसतो, तिथे शेजारच्या सीटवरून नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

बाहेर टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, “बोल आता. याच्यापेक्षा भारी सायफाय कुणी बनवलाय?”

हा वाद आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर शंभरदा घातलेला आहे. मी सवयीने म्हणालो, “‘२००१’.”

एरवी त्याने शिवी घातली असती आणि विषय संपला असता. या वेळी त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, “तुला ना, माणसांचं काही पडलेलंच नाही.”

हे लागलं. कारण ‘२००१: अ स्पेस ओडिसी’वर नेमका हाच आरोप गेली पन्नासहून जास्त वर्षं होतो आहे: थंड सिनेमा, माणूस नसलेला सिनेमा, स्वतःला हुशार समजणाऱ्यांचा सिनेमा. त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे द्यायचा प्रयत्न करतो.

आधी कसोटी ठरवू

‘सर्वश्रेष्ठ’ या शब्दावरचे बहुतेक वाद फुकट जातात, कारण दोघांच्या हातातल्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात. एकजण ‘मला सर्वात आवडलेला’ असं मोजतो, दुसरा ‘सर्वात गाजलेला’. म्हणून मी तीन प्रश्न घेतो.

पहिला प्रश्न आपल्याकडे विज्ञानकथेबद्दल बोलताना नेहमी निघतो: गोष्टीतलं विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळते का? कोसळली तर ती विज्ञानकथा. उभी राहिली तर तिने विज्ञानाचा नुसता कोट घातला होता. मराठी वाचकाला ही कसोटी नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून ती मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. तिचं नाव ‘कृष्णविवर’. म्हणजे नोलनच्या सिनेमातलं गार्गँटुआ पडद्यावर यायच्या बरोबर चाळीस वर्षं आधी या भाषेत कृष्णविवरावर कथा लिहून झाली होती.

दुसरा प्रश्न: ही गोष्ट सिनेमातच सांगावी लागली असती का? की पुस्तकात, नाटकात किंवा मित्राला तोंडी सांगूनही काम भागलं असतं?

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. सिनेमा संपल्यावर विश्व आधीपेक्षा मोठं वाटतं, की आपणच आधीपेक्षा मोठे वाटायला लागतो?

या तीन प्रश्नांवर बरीच मोठी नावं लवकर गळतात. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) पहिल्याच चेंडूवर बाद. राजकन्या, गुरू, तलवार. लाइटसेबरच्या जागी साधी तलवार दिली तरी काही बिघडत नाही. तो उत्तम परीकथापट आहे, त्याचा अपमान म्हणून हे सांगत नाही. ‘एलियन’ (१९७९) हा अव्वल भयपट आहे, पण यानाऐवजी ओसाड वाडा घेतला तरी अर्धा सिनेमा शाबूत राहतो. ‘द मेट्रिक्स’ (१९९९) पहिला प्रश्न सहज पार करतो आणि तिसऱ्यावर अडखळतो. सगळं जग खोटं आहे या भयंकर शक्यतेपासून सुरुवात करून तो शेवटी ‘निवडलेला तारणहार’ काढतो. ‘अरायव्हल’ (२०१६) मला फार जवळचा आहे. भाषा बदलली की काळाकडे बघण्याची रीतच बदलते, ही टेड चियांगच्या कथेतली कल्पना त्याने पडद्यावर आणली. पण शेवटी महायुद्ध टाळायला एका जनरलला केलेला एक फोन पुरतो, तिथे तो थोडा हातचा जातो.

उरतात चार. ‘इंटरस्टेलर’, ‘ब्लेड रनर’, ‘सोलारिस’ आणि ‘२००१’.

‘इंटरस्टेलर’: सगळ्यात मोठा हुंदका

‘इंटरस्टेलर’ला (२०१४) हलक्यात काढणारे लोक मला आवडत नाहीत. त्याच्यामागे किप थॉर्न हा खराखुरा भौतिकशास्त्रज्ञ होता, ज्याला २०१७मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी नोबेल मिळालं. गार्गँटुआचं चित्र कुणा चित्रकाराच्या मनातून आलेलं नाही. प्रकाशाचे किरण कृष्णविवराजवळ कसे वाकतील याची समीकरणं सोडवणारी प्रणाली व्हिज्युअल इफेक्ट्सच्या टीमने लिहिली, आणि त्यावर थॉर्नसोबत शोधनिबंधही प्रसिद्ध केला. प्रेक्षक गोंधळू नये म्हणून चकतीची एक बाजू जास्त तेजस्वी दाखवणारा परिणाम मात्र सिनेमात गाळला. एवढी तडजोड चालायची.

आणि पहिला प्रश्न? पूर्ण गुण. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे विज्ञान काढा आणि बघा. बापाने मुलांची अख्खी तरुणाई एका दुपारीत गमावण्याचा तो प्रसंग उरतच नाही. सापेक्षता सिद्धांताने रडवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही.

अडचण तिसऱ्या प्रश्नाशी आहे. शनीजवळ ते वर्महोल कुणी ठेवलं? पूर्ण सिनेमाभर पात्रं ‘ते’ म्हणतात. कोण ‘ते’? आपल्याहून प्रगत कुणीतरी, आपल्या कल्पनेपलीकडचे. मग शेवटाकडे कळतं की ‘ते’ म्हणजे आपणच, भविष्यातली माणसं. कृष्णविवराच्या पोटात शिरलेला कूपर कुठे पोचतो? मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागे. एवढं अफाट विश्व, आणि त्याच्या सगळ्यात गूढ ठिकाणी आपलंच घर. त्यात भर म्हणून प्रेम हे काळ आणि अवकाश ओलांडणारं काहीतरी आहे, असं एक शास्त्रज्ञ पात्र आपल्याला समजावून सांगतं.

हे दिलासा देणारं आहे, आणि दिलासा ही वाईट गोष्ट नव्हे. घरापासून लांब राहणाऱ्याला तर तो हवाच असतो. पण दिलासा मिळाल्यावर आपण तिथेच थांबतो. विश्व आपल्यासाठी नाही, आपल्याबद्दल तर नाहीच नाही, या जाणिवेच्या दारापर्यंत ‘इंटरस्टेलर’ जातो आणि दार उघडून आतून आपलाच फॅमिली फोटो काढून दाखवतो.

‘ब्लेड रनर’: पावसातला प्रश्न

‘ब्लेड रनर’ जून १९८२मध्ये आला आणि पडला. दोनच आठवडे आधी ‘ई. टी.’ लागला होता. गोंडस परग्रहवासी बघून आलेल्या लोकांना सतत पाऊस पडणारं काळं लॉस एंजेलिस नको होतं. स्टुडिओने घाबरून नायकाचं निवेदन आणि गोड शेवट चिकटवला. तो १९९२च्या आवृत्तीत निघाला, आणि रिडली स्कॉटला हवा तसा सिनेमा पूर्णपणे २००७मध्ये उभा राहिला. ज्याच्या कादंबरीवर तो आधारला होता तो फिलिप के. डिक प्रदर्शनाच्या तीन महिने आधीच वारला.

चार वर्षांचं आयुष्य देऊन बनवलेले, आठवणीही उसन्या दिलेले कृत्रिम मानव, आणि त्यांना ‘निवृत्त’ करणारा पोलीस. शेवटी गच्चीवर, पावसात, मारायला आलेल्या पोलिसालाच वाचवून मरणारा रॉय बॅटी. ते छोटंसं भाषण रटगर हाउअरने स्वतः कापून लहान केलं आणि त्यातली शेवटची प्रतिमा स्वतः जोडली. आपल्याबरोबर आपण पाहिलेलंही संपतं, हे इतक्या कमी शब्दांत सिनेमात क्वचितच आलंय.

तरी मी त्याला चौथा नंबर देतो. त्याचा प्रश्न मोठा आहे, पण प्रश्नापेक्षा त्याची हवा जास्त लक्षात राहते. निऑन, धूर, जाहिराती, पाऊस. त्यानंतरच्या प्रत्येक सायफाय शहराने ‘ब्लेड रनर’चेच कपडे घातले. सिनेमा ज्या नोव्हेंबर २०१९मध्ये घडतो तो महिनाही येऊन गेला. उडत्या गाड्या आल्या नाहीत, जाहिराती मात्र आल्या. गोष्टीचा सांगाडा बघाल तर तो जुन्या अमेरिकन गुन्हेपटाचा आहे: थकलेला हेर, गूढ बाई, बड्या कंपनीचा मालक. विज्ञान काढलं तर सगळं कोसळत नाही, काही भिंती उभ्या राहतात.

‘सोलारिस’: आरसा

आता खरी टक्कर. तारकोव्स्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) ‘२००१’नंतर चार वर्षांनी आला, आणि तारकोव्स्कीला ‘२००१’ आवडला नव्हता. तंत्राच्या नादात माणूस हरवला, अशी त्याची तक्रार. म्हणजे माझ्या रूममेटचं मत मॉस्कोत आधीच मांडून झालं होतं.

सोलारिस हा समुद्राने व्यापलेला ग्रह, आणि तो समुद्र बहुधा जिवंत आहे. वर घिरट्या घालणाऱ्या स्टेशनवर तो माणसांच्या मनातलं सगळ्यात दुखरं बाहेर काढून त्यांच्यासमोर उभं करतो. मानसशास्त्रज्ञ केल्विनसमोर त्याची मेलेली बायको हारी येते. तिने आत्महत्या केली होती आणि दोष त्याचा होता. आता जी आली आहे ती हारी नाही, पण तिला ते ठाऊक नाही. मग हळूहळू ते तिला कळतं. ती द्रव ऑक्सिजन पिऊन मरते, आणि मरताही येत नाही म्हणून तडफडत पुन्हा जिवंत होते. नताल्या बोंदारचुकने केलेला तो प्रसंग एकट्याने रात्री बघू नका.

स्टानिस्वाफ लेमला त्याच्या कादंबरीचा (१९६१) हा अवतार अजिबात पटला नाही. लेमच्या पुस्तकाचा गाभा असा: समोर खरोखरच काहीतरी परकं आलं तर आपल्याला ते कळणारच नाही, कारण आपल्या बुद्धीला मर्यादा आहेत. तारकोव्स्कीने त्यातून अपराध, पश्चात्ताप आणि बापाचं घर काढलं. कादंबरी पूर्णपणे सोलारिसवर घडते. सिनेमा मात्र पृथ्वीवर तळ्यातल्या हलणाऱ्या शेवाळापासून सुरू होतो आणि त्याच घराशी येऊन संपतो. अर्थात ते घर खरं कुठे आहे, हे शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा वर जाता जाता कळतं आणि पोटात गोळा येतो.

स्टेशनवरचा एक शास्त्रज्ञ म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की माणसाला दुसरी जगं नकोच असतात, त्याला आरसा हवा असतो. हे वाक्य मी कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. गंमत अशी की हाच आरोप ‘सोलारिस’वरही करता येतो. तारकोव्स्कीने तो आरसा इतका सुंदर घडवला, की मागचा समुद्र दिसेनासा झाला. माझ्या दृष्टीने हा आजवरचा सर्वात खोल सायफाय आहे. पण लेमची तक्रार खरी आहे. समुद्राला या सिनेमात नोकरी दिली आहे, केल्विनची जखम उघडी करायची.

मधल्या वाटेवर एक न झालेला सिनेमा

हा वाद घालताना एक सिनेमा हिशेबात धरता येत नाही, कारण तो बनलाच नाही. सत्यजित राय यांनी १९६२मध्ये ‘संदेश’ मासिकात ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली. साध्या, सगळ्यांनी टिंगल केलेल्या गावच्या मास्तरांना परग्रहवासी भेटतो. पुढे १९६७मध्ये त्यांनी ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. यान बंगालच्या एका खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात उतरतं आणि गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळ वर आलं. ‘२००१’चा सहलेखक आर्थर सी. क्लार्क श्रीलंकेत राहायचा, आणि राय हॉलिवूडपर्यंत पोचले ते त्याच्याच ओळखीतून. कोलंबिया पिक्चर्स तयार होती, पीटर सेलर्सचं नाव होतं. मग मध्यस्थ, हक्क, भांडणं, आणि प्रकल्प संपला.

मला त्या तळ्याचं फार वाटतं. परकं आलं की घाबरायचं किंवा गुडघे टेकायचे, याशिवाय तिसराही मार्ग असतो: गावात नवा पाहुणा आलाय, बघू तरी कोण आहे. आपल्या पिढीला परग्रहवासी म्हटलं की ‘कोई मिल गया’तला (२००३) जादू आठवतो. छत्तीस वर्षं आधी आपल्याला रायांचा पाहुणा मिळू शकला असता.

‘२००१’: तीन वाढदिवस

आता ‘२००१’. कथा सांगण्यात फार अर्थ नाही, पण थोडक्यात: लाखो वर्षांपूर्वी उपाशी वानरांसमोर एक काळा, गुळगुळीत, उभा शिलाखंड येतो. त्यांच्यापैकी एकाला हाडाचं हत्यार सुचतं. पुढे माणसाला चंद्रावर पुरलेला तसाच शिलाखंड सापडतो. तो गुरूच्या दिशेने संदेश सोडतो. माणसं यान घेऊन तिकडे निघतात. यान सांभाळणारा संगणक हॅल ९००० चुकतो, चूक कबूल करत नाही, आणि माणसांना मारू लागतो. एकटा उरलेला बोमन त्याला बंद करतो आणि गुरूपाशी पोचतो. पुढे जे होतं ते सांगता येत नाही, बघावं लागतं.

पहिला प्रश्न: विज्ञान काढलं तर काही म्हणजे काही उरत नाही. दुसरा: पहिला संवाद यायला जवळपास पंचवीस मिनिटं लागतात, आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत एकही शब्द नाही. वानराने हवेत फेकलेलं हाड वर जातं, खाली येऊ लागतं, आणि एका कटमध्ये त्याच्या जागी अवकाशात तरंगणारं यान येतं. लाखो वर्षं एका फ्रेममध्ये पार. हे पुस्तकात कसं लिहाल? क्लार्कने याच नावाची कादंबरी लिहिली, आणि ती नीट समजावून सांगते. म्हणूनच ती सिनेमाच्या जवळपासही येत नाही.

हे सगळं १९६८च्या एप्रिलचं. माणूस चंद्रावर उतरायला अजून सव्वा वर्ष होतं. संगणकावर चित्रं काढायची सोय नव्हती. यानातल्या स्क्रीनवर दिसणारे आकडे म्हणजे मागून प्रोजेक्ट केलेली फिल्म. अंतराळवीर गोल भिंतीवर धावतो त्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचं फिरणारं चक्र खरोखर बांधलं. अवकाशात आवाज पोचत नाही म्हणून बाहेरच्या प्रसंगांत कुब्रिक आवाज बंद करतो. ऐकू येतो फक्त हेल्मेटमधला श्वास. एवढी साधी सचोटी पुढच्या कित्येक अवकाशपटांना जमलेली नाही.

पण माझ्या मित्राने तंत्राबद्दल विचारलंच नव्हतं. त्याचा मुद्दा माणसांचा होता. तर माणसांकडे येऊ.

‘२००१’मध्ये वाढदिवस आहेत, हे किती जणांच्या लक्षात येतं? पहिला डॉ. फ्लॉइडच्या छोट्या मुलीचा. तो अवकाश स्थानकावरून तिला व्हिडिओ कॉल करतो. उद्या तुझ्या वाढदिवसाला यायला जमणार नाही, तुला काय हवं? मुलगी चुळबुळत उत्तरं देते. (ही कुब्रिकची स्वतःची मुलगी.) कॉल संपतो, स्क्रीनवर बिल येतं: १ डॉलर ७० सेंट. फ्लॉइड उठून जातो.

दुसरा फ्रँक पूलचा. यान गुरूकडे निघालंय. पृथ्वीवरून आईवडिलांचा रेकॉर्ड केलेला संदेश येतो. समोर केक ठेवलेला, दोघं हसतायत, गावाकडच्या बातम्या देतायत, पगाराच्या कागदपत्रांचं काय झालं ते सांगतायत, वाढदिवसाचं गाणं म्हणतायत. पूल गॉगल लावून सनलॅम्पखाली पडलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. संदेश संपल्यावर संगणकही शुभेच्छा देतो. पूल आभार मानतो आणि उशीची उंची ठीक करायला सांगतो. झालं.

तिसरा हॅलचा. बोमन त्याची स्मृती एक-एक पट्टी काढून बंद करत असताना हॅल सांगतो की तो १२ जानेवारी १९९२ रोजी इलिनॉयमध्ये कार्यान्वित झाला, आणि त्याच्या शिक्षकाने त्याला एक गाणं शिकवलं होतं. मग ते गाणं तो म्हणतो, आवाज खोल जात जात बुडेपर्यंत. सगळ्या सिनेमात भीती वाटते असं सांगणारा तो एकटाच. आपला जन्मदिवस मनापासून आठवणाराही तो एकटाच.

आता ‘इंटरस्टेलर’मधले मेसेज आणि पूलचा मेसेज शेजारी ठेवा. प्रसंग तोच: अवकाशातला माणूस, लांबचं घर, स्क्रीनवर रक्ताची माणसं. नोलन म्हणतो, इतक्या अंतरावरून आपण कोसळून रडू. कुब्रिक म्हणतो, नाही. आपल्याला सवय होईल.

कुणाचं खरं ठरलं? मी माझ्यापुरतं सांगतो. माझी आई व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस नोट पाठवते. नळाला पाणी कधी आलं, कोणाचं लग्न ठरलं, मी जेवलो का. त्या नोट्स मी दीडपट वेगाने ऐकतो. कधीकधी दुप्पट. ऐकता ऐकता दुसरं काहीतरी स्क्रोल करत असतो. मागच्या वाढदिवसाला तिने आणि बाबांनी व्हिडिओ पाठवला होता. तो मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये आवाज बंद करून बघितला आणि खाली लाल बदाम टाकला.

सनलॅम्पखाली पडलेला तो माणूस मीच आहे. म्हणून मला वाटतं, ‘२००१’ला माणसांचं काही पडलेलं नाही हे खरं नाही. आपलं आपल्या माणसांशी काय होत जाणार आहे, हे त्याने व्हिडिओ कॉल घरोघरी पोचलेले नसताना पाहिलं, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून त्यात साखर घातली नाही. त्यातली माणसं सूचनाफलकासारखी बोलतात हे अभिनयाचं अपयश नाही. यंत्रांमध्ये राहून माणसं गुळगुळीत झाली, आणि माणसांमध्ये राहून यंत्र घाबरायला शिकलं, ही त्या सिनेमाची गोष्ट आहे. रोज चॅटबॉटशी गप्पा मारून ‘थँक्यू’ म्हणणाऱ्या आणि घरच्यांना बदाम टाकणाऱ्या आपल्या पिढीला ती जुनी वाटू नये.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या शिलाखंडात आहे. तो कुणी ठेवला? सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. ते ‘आपणच’ निघत नाहीत. त्यांना चेहरा नाही, आवाज नाही, आपल्यावर प्रेम आहे की नाही तेही ठाऊक नाही. आणि तरीही सगळ्यात शेवटी पृथ्वीकडे बघणारं ते बाळ येतं. चौथा वाढदिवस म्हणा हवं तर. शुभ की अशुभ, ते कुब्रिक आपल्यावर सोडतो.

आरोपीची बाजू

काही आरोप मान्य केलेच पाहिजेत. पुढच्या शतकाची एवढी कल्पना करणाऱ्या सिनेमात बायका म्हणजे हवाई सुंदरी, रिसेप्शनिस्ट आणि एका दृश्यापुरत्या रशियन शास्त्रज्ञ. कुब्रिकला चंद्रावरची वसाहत दिसली, यानाची सूत्रं हाती असलेली बाई दिसली नाही. हा दोष काळाचा म्हणून सोडता येत नाही, कारण बाकी सगळीकडे तो काळाच्या पुढे होता. हारीसारखं एकही पात्र इथे नाही, आणि तेवढ्यापुरता ‘सोलारिस’ मोठा आहे.

कंटाळ्याचा आरोपही जुना आहे. पॉलिन केलसारख्या मातब्बर समीक्षिकेने त्याला तेव्हाच झोडपलं होतं, आणि प्रीमियरनंतर कुब्रिकने स्वतः सुमारे एकोणीस मिनिटं कापली होती. आज पारडं फिरलंय. ‘साइट अँड साउंड’च्या २०२२च्या मतदानात दिग्दर्शकांनी तो जगातल्या सगळ्याच सिनेमांमध्ये पहिला ठरवला. पण मतदानामुळे कंटाळा जात नाही. मी स्वतः तो पहिल्यांदा फोनवर पाहिला, रात्री दोन वाजता, बंक बेडच्या वरच्या मजल्यावर. वानरांचा भाग दोन बोटं टॅप करत पुढे ढकलला आणि गुरू यायच्या आत झोपलो. सत्तर मिलिमीटरवर चित्रित केलेला, भिंतीएवढ्या वक्र पडद्यासाठी बनवलेला सिनेमा मी तळहातावर बघत होतो.

पुढे कॉलेजच्या फिल्म क्लबने पांढऱ्या चादरीवर दाखवला. पुढे ढकलायची सोय नव्हती. बोमन हेल्मेटशिवाय एअरलॉकमध्ये उडी घेतो तेव्हा खोलीतले पन्नास जण एकदम श्वास रोखून बसले होते, आणि नंतरच्या शांततेत पंख्याचा आवाज ऐकू आला. तेव्हा कळलं की यातला संथपणा ही शिक्षा नाही. अंतर किती आहे हे अंगाला कळावं म्हणून तेवढा वेळ दिलेला आहे. फोनवर बघायला हरकत नाही, बहुतेकांना तोच मिळणार. फक्त दिवा बंद करा, इअरफोन लावा आणि स्क्रीनला बोट लावू नका. एवढं केलं तरी बराचसा पोचतो.

तर निकाल असा. सर्वात हृदयाला भिडणारा ‘इंटरस्टेलर’. सर्वात खोल ‘सोलारिस’. सर्वश्रेष्ठ ‘२००१’. विज्ञानाशिवाय तो उभा राहत नाही, सिनेमाशिवाय तो सांगता येत नाही, आणि आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत अशी खोटी समजूत तो घालत नाही.

हा लेख पाठवण्याआधी मी रूममेटला फक्त पूलच्या वाढदिवसाची क्लिप पाठवली, सोबत एक शब्दही लिहिला नाही. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. निळ्या टिका आल्या. बराच वेळ काही नाही. मग त्याचा मेसेज आला: “मत बदललेलं नाही. पण आईला फोन लावतोय.”

तिकडे साडेअकरा म्हणजे इकडे पहाट. काकू उठलेल्याच असतात.